अण्णांनी गिळलेला शब्द

डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि एका काळसर डागावर बोट ठेवलं. "हा स्ट्रोक," ते म्हणाले. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली होती. उजवा हात लुळा पडलेला आम्हाला दिसतच होता. दुसरं नाव मात्र नवीन होतं, अफेजिया. म्हणजे जीभ शाबूत, डोकंही जागेवर, पण बोलायला जावं तर शब्दच सापडत नाही.

माझे सासरे, म्हणजे सगळ्या हसनाबादचे अण्णा, उभा जन्म बोलण्यावर जगले. तरुणपणी निजामाविरुद्ध सत्याग्रह करून तुरुंगात गेले, पुढे एकदा आमदार झाले. दर सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तीच्या दिवशी, गावच्या शाळेत त्यांचं भाषण ठरलेलं. ऊन डोक्यावर आलं तरी माइक सोडायचे नाहीत. मी त्याच शाळेत शिक्षिका, पेंगणाऱ्या मुलांना जागं ठेवायचं काम माझ्याकडे. कितीदा मनात म्हणायचे, आता पुरे. औरंगाबादच्या त्या वॉर्डात बसून मला त्याची लाज वाटली.

अण्णांचं एक वेड होतं. निजामी शाळेत सगळं उर्दूतून शिकावं लागलं, त्याचा राग त्यांनी भाषेवर काढला. आमदार असताना कचेरीतले शब्द बदलायला लावले आणि घरी आल्यावर आमचे. मी 'जल्दी' म्हटलं की लगेच 'लवकर' ऐकू यायचं. 'खर्चा' म्हटलं तर चहा थंड होईस्तोवर व्याख्यान. इकडच्या माणसाला हे शब्द सोडून बोलायला सांगणं म्हणजे मिठाशिवाय जेवायला सांगणं.

चौथ्या दिवशी नर्सनं त्यांची उशी नीट केली. अण्णांचे ओठ हलले आणि स्वच्छ शब्द आला, "शुक्रिया."

मला रडूच फुटलं. अण्णांनी मात्र तोंड घट्ट मिटलं आणि भिंतीकडे वळले. त्यानंतर एक शब्द नाही.

पंधरवड्यानं घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, पहिले तीन महिने मोलाचे, यांना बोलतं ठेवा. मी पहिलीचं पुस्तक काढलं. चित्रावर बोट ठेवायचं, नाव म्हणायचं, वाट बघायची. आंबा. घर. माझा घसा कोरडा पडायचा, अण्णांचे ओठ मिटलेलेच. महिनाभर मी धरून चालले की त्यांना येतच नाही.

एकदा लेखणीचं चित्र दाखवलं. अण्णा नकळत "कल…" एवढं म्हणाले आणि त्यांनी डाव्या हातानं स्वतःचं तोंड दाबलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांना 'कलम' हा उर्दू शब्द येत होता, तो त्यांना नको होता.

एसटीडी बूथवरून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, काहींना शाळेत शिकलेली भाषा आधी परत येते. "येईल ती येऊ द्या. अडवाल तर दोन्ही जातील."

सुनेचं ऐकतील ते अण्णा कसले. मी हबीबचाचांकडे गेले. ते अण्णांचे एका बाकावरचे सोबती, रिटायर मास्तर. दुसऱ्या दिवशी सकाळीच आले, खाटेवर टेकले आणि काही न विचारता उर्दूची मुळाक्षरं म्हणू लागले, "अलिफ, बे, पे…" आणि थांबले. अण्णांनी मान फिरवली.

हबीबचाचा हळूच म्हणाले, "निजामाशी भांडला, बराबर केलं. मंग जबानीनं तुझं काय वाकडं केल्तं? मी बी हीच बोलून राह्यलो की."

अण्णांच्या डोळ्यांना धार लागली. चाचा उठले नाहीत. बऱ्याच वेळानं अण्णांनी पुढचं अक्षर म्हटलं, "ते."

मग रोजची शाळा भरू लागली. कलम, किताब, दरवाजा. उर्दूच्या मागोमाग मराठीही येऊ लागली, अडखळत. एका सकाळी माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, चहा." तो चहा मी दोनदा उतू घालवला.

तुमच्या घरात कुणाची वाचा गेली, तर माझ्यासारखं पुस्तक घेऊन बसू नका. आधी त्या माणसाच्या ओठांवर काय येतंय ते बघा. सुधारणा पावलापावलानं होते आणि कधी मागेही जाते. घाबरू नका.

त्या सतरा सप्टेंबरला अण्णा काठी टेकत माइकपुढे उभे राहिले. मी नको म्हटलं होतं. अर्ध्यात अडकले आणि कुणी हसलं, तर ते पुन्हा तोंड उघडणार नाहीत, ही माझी भीती.

"मुलांनो," ते म्हणाले. "आपण…" आणि अडकले. 'स्वतंत्र' हा शब्द त्यांनी आयुष्यभर किती वेळा उच्चारला असेल. तो येईना. त्या दिवशी एकही मूल पेंगत नव्हतं.

"आपण आजाद आहोत," अण्णा म्हणाले.

मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. ते मिटले नाहीत. त्यांनी पहिल्या रांगेत बसलेल्या हबीबचाचांकडे पाहिलं, डावा हात कपाळाला लावला आणि दवाखान्यात तोंडून निसटला म्हणून गिळून टाकलेला तो शब्द माइकमधून सगळ्या गावाला ऐकू जाईल असा म्हटला.

"शुक्रिया."