पाच कप पोस्टाने

पुठ्ठेवाली मावशी खोक्यावर ‘नाजूक’ असं कधीच लिहीत नसे. गिऱ्हाइकाने कितीही गळ घातली तरी नाही. “ते वाचून कुणी सांभाळत नाही,” ती म्हणायची. “उलट उचलणाऱ्याला राग येतो, हा कोण मला शिकवणारा म्हणून. खोका असा भरायचा की टाकणाऱ्याने खुशाल टाकावा आणि आतल्या सामानाला पत्ता लागू नये.”

पोस्टाच्या व्हरांड्यात, पार्सलच्या खिडकीला लागून तिचं टेबल होतं. नवरा गेल्यावर तिने ते मांडलं आणि त्याच टेबलावर मुलाला इंजिनिअर केलं. दुकानादुकानांतून पुठ्ठे मागून आणायची, म्हणून हे नाव. लोक आरसे, बरण्या, दिव्यांच्या काचा घेऊन यायचे. बशा ती आडव्या रचत नसे, उभ्या लावायची. आडवी बशी वरच्यांचं ओझं घेऊन तडकते. कपाच्या पोटात कागद कोंबायचा, कानाला वेगळी पट्टी गुंडाळायची, मग लहान खोका मोठ्यात ठेवून मधल्या फटीत चिंध्या भरायच्या. तोंड मात्र तिखट. एक बाई फुलदाणी वर्तमानपत्राच्या एकाच पानात गुंडाळून घेऊन आली, तेव्हा मावशीने विचारलं, “पाठवायचीय, की हिच्यापासून सुटका करून घ्यायचीय?” बाई फणकारली, आणि पुढच्या वेळी दुसरी फुलदाणी घेऊन पुन्हा हिच्याकडेच आली.

अशा या बाईचा पाय पोस्टाच्या पायरीवरून घसरला आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण हाताची पकड पहिल्यासारखी राहिली नाही. ती पडल्याचं कळताच मुलगा बायकोला घेऊन दुसऱ्या शहरातून धावत आला होता. आला ते बरंच झालं, पण आल्या दिवसापासून घरात एकच जप सुरू झाला. “आई, उठू नकोस.” “आई, राहू द्या ते, मी करते.” मावशीने पाण्याचा पेला उचलला तरी मुलगा आणि सून दोन बाजूंनी धावायची. आयुष्यभर जो शब्द तिने खोक्यावर लिहू दिला नाही, तो घरच्यांनी तिच्या कपाळावर चिकटवला होता.

एका सकाळी दोघं बाजारात गेलेली असताना घरमालकीण एका तरुण जोडप्याला घेऊन दारात उभी राहिली. जोडप्यातली मुलगी सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि हात पसरून भिंत मोजू लागली. “इथे फ्रिज मावेल ना हो?”

“कुणाचं घर बघताय?” मावशीने विचारलं.

घरमालकीण गोंधळली. “अहो, तुमच्या मुलानेच सांगितलं ना, महिनाअखेर जागा सोडतोय म्हणून. पोस्टातही सांगून आलाय म्हणे, टेबल हलवा म्हणून. तुम्हाला... माहीत नाही?”

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या मुलीचा काय दोष? “फ्रिज मावतो बरं का,” ती म्हणाली. “फक्त तो माझा असणार आहे.” आणि तिघांना वाट दाखवून तिने दार लावून घेतलं.

दुपारी मुलाला धारेवर धरलं, तर तो म्हणाला, “सांगणारच होतो. आई, तू इथे एकटी. पुन्हा पडलीस तर?”

“पडले तर उठेन. मागच्या वेळी कोण आलं होतं उठवायला? माझी मी उठले, आणि हातातलं पार्सल आधी खिडकीत दिलं.”

“तेच म्हणतोय मी!” मुलाचा आवाज चढला. “मनगट मोडलेलं आणि तू पार्सल देत बसलीस! तिकडे तुला स्वतंत्र खोली आहे, बाल्कनी आहे. काही करायचं नाही, आरामात बसायचं.”

“मी काय शोकेसमधली बाहुली आहे?”

“आता ठरलंय, आई. शनिवारची तिन्ही तिकिटं काढलीत.”

मावशी गप्प झाली. तिच्या गप्प बसण्याचा मुलाने होकार असा अर्थ घेतला. लहानपणापासून तो हीच चूक करत आला होता. तो वाईट असता, तर चार शब्द सुनावून ती मोकळी झाली असती. त्याला खरंच काळजी होती, आणि त्या काळजीनेच तिचा जीव गुदमरत होता. वर भीतीही होती. काम झेपलं नाही तर? आणि ते टेबल गेलं तर उरलेल्या दिवसांचं करायचं काय?

निघायच्या आदल्या दिवशी मुलगा म्हणाला, “बाबांचा तो टी-सेट गाडीच्या गर्दीत फुटेल. तूच पॅक कर. जाता जाता पोस्टात देऊ.” मावशीने निमूटपणे सेट भरला. सून मदतीला आली, तर तिला फक्त पत्ता लिहायला लावलं.

शनिवारी टॅक्सी पोस्टासमोर थांबली. सुनेने तिच्यासाठी भरलेली बॅग मावशीने घरीच पलंगाखाली सरकवली होती. निघायच्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. सून टॅक्सीत बसून राहिली, मायलेक खिडकीशी गेले. पार्सल तोलून झालं.

“पावती जपून ठेव,” मावशी मुलाला म्हणाली. “किटली आहे, पाच बशा, पाच कप.”

“पाच? सहावा फुटला?”

“फुटतोय कशाला? घरी आहे. संध्याकाळी मला चहाला लागेल.”

मुलगा तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. तोवर मावशी व्हरांड्यातल्या दाराशी पोचलीही होती. तिचं टेबल दारामागे उलटं करून ठेवलेलं होतं, त्यावर रिकामी पोती. तिने पोती खाली ओढली आणि एका हाताने टेबल सरळ केलं. फरशीवर पाय असे करकरले की सगळी रांग वळून बघू लागली. पोस्टमास्तर बाहेर आले. “मावशी, तुमचा मुलगा तर म्हणाला...”

“मुलगाही माझा, टेबलही माझं. दोघांचं काय करायचं ते मी बघते.”

रांगेत घड्याळदुरुस्तीवाला होता. दुरुस्त केलेलं भिंतीवरचं घड्याळ त्याला गिऱ्हाइकाकडे पाठवायचं होतं. तो रांग सोडून आला आणि घड्याळ टेबलावर ठेवलं. मावशीने लंबक काढून वेगळा गुंडाळला, काचेवर पुठ्ठा बसवला, खोका बंद केला आणि सुतळी घेतली. पहिली गाठ घातली. डाव्या हातातून सुतळी निसटली. पुन्हा घातली. पुन्हा निसटली. घड्याळवाला भलतीकडेच बघू लागला. मावशीचे कान तापले.

“बघितलंस?” मुलगा हळूच म्हणाला. “नाही जमत आता, आई.”

तिने सुतळीचं एक टोक दातांत धरलं, डावं कोपर खोक्यावर दाबलं आणि उजव्या हाताने असा हिसका दिला की सुतळी पुठ्ठ्यात रुतली. मग गाठीला धरून तिने सगळा खोका वर उचलला. गाठ जागची हलली नाही.

मावशीने सुतळी आडवी फिरवली, तेव्हा मुलगा पुढे झाला. त्याने आडव्या सुतळीवर बोट दाबून धरलं. “या गाठीला तरी दात नको लावूस.”

मावशीने त्याच्या बोटाभोवती गाठ घातली. त्याने वेळेवर बोट काढलं, तिने आवळली.

“आता पोस्टमास्तरांना सांग, टेबल इथेच राहणार म्हणून,” ती म्हणाली. “मग घरी जा आणि घरमालकिणीला सांग. ज्या तोंडाने जागा सोडलीस, त्याच तोंडाने परत माग.”

“आई, गाडी चुकेल.”

“चुकू दे. तुला दुसरी गाडी मिळेल. मला या वयात दुसरं घर कोण देतंय?”

मुलगा पोस्टमास्तरांशी दोन शब्द बोलला. पायऱ्या उतरून त्याने टॅक्सीवाल्याला गाडी मागे, घराकडे घ्यायला सांगितली.