यूनुसभाईंची ताणलेली साखळी

निःपक्षपात हा गुण परक्यांच्या भांडणात सहज साधतो. आपलेच लेकरू एका बाजूने खेळत असता तो राखणे, ही अंतःकरणाची खडतर साधना होय. यूनुसभाईंनी ती मुकाट्याने केली.

ते मूळचे हर्णैचे. दुबईच्या रास अल खोर भागात मोटारींच्या सुट्या भागांचे गोदाम सांभाळीत. मुलगा उझैर तिथल्याच एका लहानशा संघातून अमेरिकन फुटबॉल खेळू लागला, तेव्हा मैदानाच्या कडेला साखळी धरायला पालक हवे होते. यूनुसभाई उभे राहिले ते कायमचे.

तो खेळ म्हणजे टप्प्याटप्प्याने भूमी मिळवणे. चेंडू जेथे ठेवतात ती स्क्रिमेजची रेषा. तेथून चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाउनांत, दहा यार्ड पुढे जायचे. गेले तर नवे चार डाउन. नाहीतर चेंडू सहसा प्रतिपक्षाचा. साखळी तेवढ्याच लांबीची, दोन्ही टोकांना काठ्या. पुढची काठी यूनुसभाईंकडे असे. ती धरणाऱ्याने टाळीसुद्धा वाजवायची नाही, असा दंडक.

उपान्त्य सामन्यात चौथ्या डाउनला उझैर चेंडू छातीशी कवटाळून खेळाडूंच्या ढिगाखाली गेला. चेंडू पोहोचला की नाही, नजरेला कळेना. पंचांनी साखळी आत बोलावली. मागची काठी बदरुद्दीनकडे. त्याचाही मुलगा याच संघात.

"यूनुसभाई, जरा ढील ठेवा," तो पुटपुटला. "चार बोटांचा तर प्रश्न. आपलीच पोरं आहेत."

"तू तुझं टोक नीट धर, बाबा."

साखळी ताणली गेली. चेंडू काठीच्या अलीकडेच राहिला. उझैर गुडघ्यांवर बसून पाहत होता.

परतताना गाडीत तो म्हणाला, "अब्बा, यू कुड हॅव हेल्प्ड अस."

"केली असती मदत. मग उद्या तू खरंच पोचलास, तर मानणार कोण?"

"नोबडी चेक्स."

"मी बघतो ना."

उझैरने तोंड खिडकीकडे फिरवले. घरी उझैरची आई शहरबानू म्हणाली, "बापलेकांनी तोंडाला कुलपं लावलीत काय? मासे थंड होतायत." उझैर जेवला, पण त्यानंतर सामन्याची वेळ त्याने वडिलांना कधी सांगितली नाही. यूनुसभाई इतरांना विचारून जात आणि आपल्या जागी उभे राहत. मुलगा कायमचा दुरावला की काय, ही धास्ती त्यांनी कोणापाशी बोलून दाखवली नाही.

पुढच्या हंगामात तोच प्रतिस्पर्धी, पुन्हा चौथा डाउन. मोजणी झाली. या वेळी उझैरचा चेंडू काठीपलीकडे निसटता पोहोचला होता. विरुद्ध संघाचा कप्तान तावातावाने पंचांकडे निघाला, तोच त्याच्या सोबत्याने दंड धरला. "खलास, हबीबी, पुरे झालं. काठी उझैरच्या बापाकडे आहे."

कप्तान माघारी वळला. उझैर जवळच होता. त्याने ते ऐकले. यूनुसभाई दंडकाप्रमाणे खाली गवताकडे पाहत होते.

सामना संपल्यावर उझैरने त्यांच्या हातून काठी घेतली, खांद्यावर टाकली.

"जड आहे, अब्बा."

"सवय होते."

यूनुसभाईंना जाऊन दोन वर्षे झाली. त्या मैदानावर साखळीची मोजणी झाली, की मुले अजूनही वाद न घालता आपापल्या जागी जातात.