मातामायच्या ओट्यावरचे मंगळवार

१ डिसेंबर, सोमवार. शिंदीची पानं तीन दिवस उन्हात सुकली, म्हणून आज दुपारी झाडायचा फडा बांधायला घेतला. पानं मुठीत धरून चिरायची, दोरीने आवळायची, पुन्हा चिरायची. हात कामात असले की डोकं मोकळं राहतं. अर्धा फडा बांधून झाला आहे. उरलेला बांधण्याआधी हे लिहून टाकते.

देवीच्या कृपेचे अनुभव वाचताना माझ्या मनात नेहमी यायचं, की बाईने जरा वाढवून सांगितलं असणार. देवधर्म मी केला तो घरकामासारखा. सकाळी दिवा, सणाला नैवेद्य, गावदेवी मातामायला वर्षातून एक नारळ. कधी काही मागितलं नाही. त्यामुळे पुढचं वाचून कोणाला शंका आली तर मला राग येणार नाही.

मी अंगणवाडी सेविका. आलापल्लीपासून आत जंगलात आमचं गाव. नवरा आलापल्लीच्या लाकूड डेपोत कामाला आहे, शनिवारी घरी येतो. मुलगी नागपूरला नर्सिंग शिकते. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर मला जे झालं त्याला कारण सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. कोणी गेलं नव्हतं, भांडण नव्हतं. एका सकाळी एका लेकराचं वजन करत होते. काट्यावरचा आकडा तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा वहीपर्यंत येईतो विसरले. चौथ्यांदा वाचायची ताकद उरली नाही. लेकरू काट्याच्या झोळीत लटकलेलं आणि मी खाली बसून रडत होते. त्यानंतर जेवण, आंघोळ, झोप, एकेक करत सगळंच जड झालं. मदतनीस बाई अंगणवाडी सांभाळायची आणि गावात सांगायची की बाईंना कावीळ झाली आहे.

आजार ओळखला तो मुलीने. तिने ठरवून टाकलं, की दर मंगळवारी चार वाजता पुण्याच्या एक समुपदेशक मॅडम माझ्याशी फोनवर बोलतील. न पाहिलेल्या बाईशी काय बोलायचं, असं मला वाटलं. पण नाही म्हणायलाही जोर लागतो. तो नव्हता.

अडचण रेंजची होती. आमच्या गावात फोन लागतो तो एकाच जागी, मातामायच्या ओट्यावर. कडुनिंबाखाली शेंदूर लावलेला दगड, भोवती मातीचा ओटा, आणि त्याला लागून बोअरिंगची वाट. सगळ्या बाया पाण्याला तिथूनच जातात. तिथे बसून मन कसं मोकळं करणार? पण आमच्याकडे एक रीत आहे. मातामायपुढे डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या बाईला कोणी हाक मारत नाही, काही विचारत नाही. मी त्या रीतीचा फायदा घेतला. पदराखाली इअरफोन लावून बसू लागले. गावाला वाटलं, बाईंनी मंगळवार धरले. देवीच्या आडून चोरी करतो आहोत याची लाज वाटायची, पण दुसरी जागा नव्हती.

व्हिडिओ अडकायचा, म्हणून मॅडमचा चेहरा मी पाहिला नाही. आवाज तेवढा ओळखीचा झाला. रोज एकच छोटं काम ठरवा, असं त्यांनी सांगितलं. चाळीस लेकरं सांभाळणाऱ्या बाईला त्या एक भांडं घासायला सांगत होत्या, याचा मला राग आला. तरी घासलं. शुक्रवारी त्यांचा मेसेज यायचा, 'काय केलं?' मी ओट्यावर जाऊन उत्तर द्यायची, 'दोन भांडी.' डॉक्टरला दाखवा, गोळ्या लागतील, हेही त्या सांगत. मी टाळत राहिले. आणि दर मंगळवारी त्या एक प्रश्न विचारत, मरावंसं वाटतं का? मी म्हणायची, नाही मॅडम. ते खोटं होतं.

पोळ्यानंतरच्या मंगळवारी मी सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी नसले तर घरच्यांचं ओझं उतरेल, हे मला पक्कं पटलं होतं. चार वाजून गेले, मी उठले नाही. साडेचारला दारात गिरजामावशी उभी. सत्तरीची, एकटी राहणारी बाई. मातामायचा ओटा रोज तीच झाडते. तोवर आमचं बोलणं पाणी आलं का, एवढ्यापुरतंच.

"आज काऊन नाई आली, बाई?"

"बरं नाही, मावशी."

"बरं नाई म्हून तं बसतेस ना तिथी? चाल. म्या झाडून ठेवलं."

मी हलले नाही. तेव्हा ती आत आली, उंबऱ्याजवळची माझी चप्पल उचलली आणि खाटेपाशी आणून ठेवली. एवढ्या म्हाताऱ्या बाईने आपली चप्पल हातात घेतली, यावर पडून राहणं मला जमलं नाही. मी उठून तिच्यामागे गेले.

ओट्यावर बसून फोन लावला. ठरलेली वेळ टळून पाऊण तास होत आला होता, तरी मॅडमनी लगेच उचलला. म्हणाल्या, "पुढच्या ताईंची रेंज गेली, म्हणून मी अजून इथेच आहे." कोण ती ताई, कुठल्या गावची, मला माहीत नाही. रोज दिवा लावताना मी तिची आठवण काढते.

मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "हो मॅडम."

त्या घाबरल्या नाहीत. "तुमच्याजवळ आत्ता कोण आहे?"

"ओटा झाडणारी मावशी."

"त्यांना फोन द्या."

आता चोरी उघडी पडणार, असं वाटत असतानाच मी पदर मागे सारून फोन दिला. मावशी ऐकत गेली. "हो बाई. राहीन ना. तिच्या मालकाले आत्ताच बलावतो. एकटी नाई सोडत."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "मावशी, तुला माहीत होतं?"

"मातामायले कोनी 'हो मॅडम, नाई मॅडम' म्हनते का? पह्यल्याच मंगळवारी समजलं मले. पानीवाल्या बायांले मीच सांगो, तिकडून जा, बाईचा मंगळवार चालू हाये." मग म्हणाली, "माही लेक अशीच पडून राहे. मले वाटे, आळस करून राह्यली. लय बोललो तिले."

मग तिने फोन माझ्या हातात दिला, "मालकाले लाव."

त्या रात्री ती माझ्या घरी झोपली. मॅडमनी संध्याकाळी आणि सकाळी पुन्हा फोन करायला सांगितलं होतं. दोन्ही वेळा आम्ही दोघी ओट्यावर गेलो. दुसऱ्या दिवशी नवरा आला आणि आम्ही चंद्रपूरला डॉक्टर गाठला. गोळ्या सुरू झाल्या, अजून चालू आहेत. मंगळवारही चालू आहेत. नवरात्रात एका लेकराचं वजन पहिल्याच वेळी वहीत लिहिलं. मदतनीस बाईने पाहिलं आणि म्हणाली, "गेली म्हना कावीळ."

यात मातामायने काय केलं असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. एवढंच कळतं, की जन्मभर मी दुसऱ्यांची कामं अंगावर घेतली, माझं कोणाला उचलू दिलं नाही. त्या दिवशी माझ्याने काहीच होत नव्हतं, तेव्हा ओटा झाडलेला होता, पुण्यातली बाई थांबलेली होती, चप्पल खाटेपाशी आली होती. यातलं एकही मी केलेलं नव्हतं. शरण जाणं म्हणजे हात जोडणं, असं मी समजत होते. मला जमलं ते चप्पल घालून त्या बाईमागे चालत जाणं. तेवढं पुरलं.

मावशीचा फडा झिजून मुठीएवढा उरला आहे. म्हणून हा नवा.

२ डिसेंबर. सकाळी फडा घेऊन ओट्यावर गेले. मावशी झाडत होती. तिने नवा फडा उलटसुलट करून पाहिला. "गाठ ढिली हाये. महिनाभर टिकन." मी तो तिच्या हातून परत घेतला आणि विचारलं, "मावशी, तुझ्या लेकीचं नाव काय होतं?" तिने हातातला जुना फडा खाली ठेवला. मग नाव सांगितलं, ओट्यावर बसली आणि डोक्यावर पदर घेतला. तेवढ्यात दोन बाया पाण्याचे गुंड घेऊन आल्या. मी वाटेत जाऊन त्यांना म्हटलं, तिकडून जा, आणि राहिलेला ओटा झाडायला घेतला.