बाबांचा आवाज आणि माझा सुरक्षित डबा

आमच्या घरात एकाच वर्षी दोन मरणं झाली. एक माझ्या वडिलांचं आणि दुसरं एका हार्ड डिस्कचं. वडिलांच्या मरणाला मी जबाबदार नव्हतो.

बाबा टिप्पर चालवायचे. डिचोलीच्या खाणीवर माल भरायचा आणि नदीकाठच्या धक्क्यावर ओतायचा, असं त्यांनी तीस-बत्तीस वर्षं केलं. पुढे खाण बंद पडली, टिप्पर भंगारात गेला, पण त्या तांबड्या धुळीनं बाबांच्या छातीत कायमचं बिऱ्हाड केलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, मला बाहेर नेलं आणि सांगितलं, "फुप्फुसं कडक झालीत. वर्षभर धरून चला."

मी आत आलो तर बाबा म्हणाले, "कितलो दिलो?"

"गोळ्या दिल्यात बाबा, दिवसातून तीनदा."

"गोळ्यो न्हय रे. टायम."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मला खोटं बोलता येत नाही. (खरं बोलायलाही जमत नाही. त्यामुळेच सरकारी नोकरीत टिकलो.)

त्या संध्याकाळी मये गावातल्या आमच्या घरात शहाणपणाचं असं एकच काम झालं, आणि तेही माझ्या मुलीनं केलं. तन्वी म्हापशाला कॉलेजात जाते. तिनं आजोबांची खुर्ची जनेलापाशी, म्हणजे खिडकीशी, ओढली, फोन उभा केला आणि म्हणाली, "आजो, तुमच्या टिप्परच्या गोष्टी सांगा. एकेक करून सगळ्या."

बाबा खुलले. रोज दुपारी एक गोष्ट. नार्व्याच्या फेरीबोटीत टिप्पर अर्धा आत, अर्धा बाहेर असा अडकला आणि बोट भरतीबरोबर चालायला लागली, ती गोष्ट. केबिनमध्ये नाग निघाला आणि बाबांनी त्याला पुढच्या नाक्यापर्यंत लिफ्ट दिली, ती गोष्ट. अडलेल्या बाईला टिप्परमधून इस्पितळात नेताना चढावरच मूल झालं, ती तर त्यांनी रडत रडत सांगितली. सदतीस गोष्टी झाल्या. तन्वीचा फोन भरला की ती त्या आमच्या जुन्या हार्ड डिस्कवर टाकायची. ही डिस्क म्हणजे विटेएवढा काळा ठोकळा. तिच्यात आमचं लग्न, तन्वीचं बारसं, माझ्या आईचे शेवटचे फोटो असं सगळं घर कोंबलेलं होतं. कपाटात, चादरींच्या खाली.

माझी बायको सुलभा म्हणाली, "अहो, दुसरीकडे कुठंतरी एक कॉपी ठेवा ना."

झालं! तिनं 'कॉपी' म्हटलं आणि माझ्यातला हेडक्लार्क जागा झाला.

"असं कुठंतरी ठेवायचं नसतं," मी म्हणालो. "शास्त्रशुद्ध ठेवायचं असतं. घरात नेटवर्कवर चालणारा स्टोरेजचा डबा मिळतो. त्यात दोन डिस्क. एकीवर जे जाईल तेच आपोआप दुसरीवर. एक मेली तरी दुसरी जिवंत. टीव्हीवर बघा, फोनवर बघा, कुठूनही बघा!"

"मग आणा."

"आणा काय आणा? तुलनात्मक तक्ता करायला नको?"

तो तक्ता नऊ महिने चालला. दोन डिस्कचा डबा की चारचा? पंखा आवाज करणारा की न करणारा? मेमरी वाढवता येणारा की नाही? म्हापशाच्या दुकानदारानं एक सांगितला, पणजीच्या दुकानदारानं त्याला नावं ठेवली. इंटरनेटवर एक गृहस्थ दर आठवड्याला वेगळाच डबा घेऊन हसत यायचे. निर्णय झालाच, असं वाटलं की त्याच डब्याचं नवं मॉडेल निघायचं. तक्त्याला एक नवा रकाना! बाबांचा अंगठा लावून मंजुरी घ्यायची तेवढी राहिली होती.

बाबा रोज विचारायचे, "आयलो काय रे तुझो डबो?"

"अभ्यास चाललाय बाबा."

"टिप्पर घेताना आमी दोनच गजाली बघू. ब्रेक लागता? हॉर्न वाजता? मग चावी घेऊन घरा."

"टिप्परची गोष्ट वेगळी."

"व्हय. टिप्परान जिवाक धोको आसता."

दरम्यान मी तन्वीलाही शिस्त लावली. "डिस्कवर टाकलेलं फोनमध्ये ठेवू नकोस. दोन ठिकाणी दोन कॉप्या झाल्या की पुढे घोळ होतो. डबा आला की सगळं एका जागेवरून रीतसर जाईल." बिचारीनं ऐकलं. बापाचं ऐकणाऱ्या मुली आजकाल दुर्मिळ. माझ्या नशिबी नेमकी एक आली!

डब्याचं काहीच ठरलं नव्हतं, पण त्याला लागणारा यूपीएस मात्र मी आधीच आणून ठेवला होता. वीज गेली तर डब्याला धक्का बसू नये म्हणून! एका दुपारी खरंच वीज गेली आणि बाबांना एव्हाना दिवसरात्र लागणारं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. बाबांचे ओठ निळसर व्हायला लागले. मी सिलिंडर आणायला मागच्या खोलीत धावलो. त्याची किल्ली सापडेना. सुलभानं खोक्यातून यूपीएस ओढून काढला, मशीनची पिन त्यात खुपसली आणि मशीन सुरू झालं. यूपीएस पिक् पिक् पिक् करत सहा मिनिटं टिकला, तेवढ्यात मला किल्ली सापडली.

सिलिंडर लागल्यावर बाबांना जरा दम आला. ते यूपीएसकडे बोट दाखवून म्हणाले, "बरो आसा. पण ह्यो डब्याचो न्हय? परत खोक्यांत घाल. तुझो डबो रागावतलो."

सगळे हसले. मीही हसलो. मग न्हाणीत जाऊन नळ मोठा सोडला आणि बराच वेळ तोंड धुतलं.

पुढे गोष्टी लहान होत गेल्या. आधी वीस मिनिटांच्या, मग दहा, मग चार. एका मंगळवारी दुपारी तन्वी फोन लावून बसली होती. बाबा म्हणाले, "आयज नाका गो, फाल्यां." उद्या सांगतो म्हणाले आणि डोळे मिटले, ते मिटलेच.

चौथ्या दिवशी सुतकात बसल्या बसल्या मी डबा मागवला. तक्त्यात डोकं चालतच नव्हतं, जो पहिला दिसला तो घेतला. नऊ महिन्यांत न झालेला निर्णय चार मिनिटांत झाला! म्हणजे तो पहिल्याच दिवशी होऊ शकला असता, हा हिशोब मी त्या वेळी केला नाही. आता रोज करतो.

डबा अकराव्या दिवशी आला. बरोबर दोन डिस्क यायच्या होत्या, आली एकच. दुसरी आठवड्यानं येणार होती. बाराव्याला तर सगळे नातेवाईक जमणार. बाबांचा आवाज त्या दिवशी घरात ऐकू यायलाच हवा, असं मी मनाशी घेतलं. साधी जुनी डिस्क टीव्हीला जोडली असती, तरी आला असता. पण मग नऊ महिन्यांच्या अभ्यासाचं काय?

बाराव्याच्या सकाळी भटजींचं आटोपलं. मी स्क्रूड्रायव्हर घेतला, जुन्या डिस्कचं काळं कवच फोडलं, आतली डिस्क काढली आणि डब्याच्या रिकाम्या, दुसऱ्या खणात सरकवली. काय अचूक बसली! डबा सुरू केला. पडद्यावर इंग्रजीत सूचना आली. तिचा अर्थ असा, की दुसऱ्या डिस्कवरची सर्व माहिती पुसली जाईल, पुढे जायचे आहे का?

मी वाचलं. माझ्या नोकरीत अशा सूचना रोज येतात आणि त्यांच्याखाली सही करायची असते. 'होय' दाबलं.

हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

"काय चाललंय?" सुलभानं विचारलं.

"बाबा जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर जातायत," मी सांगितलं. 

ही बातमी ओसरीभर पसरली. कोरगावहून माझी मोठी बहीण कुंदाताय आली होती. ती डब्यापुढे पाट घेऊन बसली. नार्व्याच्या मावशीनं विचारलं, "ह्या दिव्यान दादा आसा?" आणि दोन्ही हात जोडून डब्याला नमस्कार केला. मग रांगच लागली! येईल तो डब्यापाशी दोन मिनिटं थांबे, मान हलवे, डोळे पुसे. कुणीतरी तगरीचं फूल ठेवलं. जेवणाची पहिली पंगत उठली, दुसरी उठली, खतखत्याचं पातेलं रिकामं झालं. पडद्यावर आकडा चढत होता. चाळीस टक्के. साठ टक्के. ऐंशी. मी मधून मधून उठून आकडा मोठ्यानं जाहीर करत होतो.

पाच वाजता शंभर टक्के झालं. 'दोन्ही प्रती निर्दोष', असं डब्यानं कळवलं. सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. मी रिमोट दाबला.

यादी रिकामी.

पुन्हा दाबला. रिकामी.

"पप्पा," तन्वी हळूच म्हणाली, "नवीन डिस्कवर आधी काय होतं?"

"काही नाही. कोरी होती."

"आणि दोन्ही डिस्क आता सेम आहेत?"

"हो. अगदी हुबेहूब..."

वाक्य मी पुरं केलं नाही. करायची गरज नव्हती. सहा तास सगळं गोत हात जोडून ज्या दिव्यासमोर बसलं होतं, तो दिवा बाबांना पुसत होता. कोऱ्या डिस्कची प्रत बाबांच्या सदतीस गोष्टींवर, आईच्या फोटोंवर, बारशावर, एक कणही न चुकता उमटवत होता. आणि टक्के कोण मोजत होतं? मी!

मावशीनं विचारलं, "दादा कधी बोलतलो?" कुंदाताय हंबरडा फोडून रडली. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा ती इतकी रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोन्ही डिस्क पिशवीत घालून पणजी गाठली. गेलेला डेटा परत काढून देणारे एक गृहस्थ तिथं आहेत. त्यांनी डिस्क तपासली, माझी हकिकत ऐकली आणि चष्मा काढला.

"काका, चुकून डिलीट झालं असतं तर काढलं असतं. डिस्क पडली असती तरी प्रयत्न केला असता. पण तुम्ही तर धुऊन, वाळवून, वर इस्त्री केलीत."

"थोडं तरी? एखादी गोष्ट?"

त्यांनी मान हलवली. दाराशी पोचवायला आले आणि म्हणाले, "एक सांगतो. डबा चांगला निवडलात हां."

घरी आल्यावर तन्वीनं भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. तिनं वही काढली आणि म्हणाली, "आठवतील तेवढ्या लिहून काढू. पप्पा, फेरीबोटीतून टिप्पर शेवटी बाहेर कसा काढला?"

मी आठवायला लागलो. बाबा रोज दुपारी सांगत होते, मी रोज शेजारच्याच खोलीत होतो. मला फेरीबोट आठवली, भरती आठवली. पुढचं नाही. त्या वेळी माझ्या कानाला हेडफोन होते आणि इंटरनेटवरचे ते गृहस्थ मला डब्याच्या पंख्याचा आवाज ऐकवत होते.

"चढावर झालेल्या मुलाचं नाव काय ठेवलं?"

तेही नाही. वही दोन पानांवर थांबली.

मग एके दिवशी कुंदातायचा फोन आला. "दिगू, तन्वीक घेऊन ये. माझ्या फोनान बाबा आसा."

आम्ही तिघंही धावत कोरगावला गेलो. काजूच्या दिवसांत तिला घर सोडता येत नाही, म्हणून तन्वीनं तिला एकदा एक व्हिडिओ पाठवला होता. पाठवल्याचं तन्वी विसरूनही गेली होती. कुंदातायच्या फोनची काच तडकलेली, स्टोरेज वर्षभर भरलेलं. मी तिला कितीदा बोललो होतो, "जुनं पुसत जा गं!"

"मी कायच पुसूक ना," ती म्हणाली. "पुसतत कशें तें माका कळनाच."

तिनं व्हिडिओ लावला. तडकलेल्या काचेमागे जनेल, खुर्ची आणि खुर्चीत बाबा! सुलभानं तोंडावर पदर घेतला. बाबांनी दम घेतला, डोळे बारीक केले आणि सुरू केलं, "तर त्या दिसा काय जाला, हांव टिप्पर घेऊन धक्क्यार..."

तेवढ्यात डावीकडून एक पोट आलं. माझं!

"थांबा बाबा, एक मिनिट," पोट म्हणालं. "तन्वी, हे रेकॉर्डिंग पुढे ठेवणार कुठं, याचा कधी विचार केलास?" आणि मी बोलायला लागलो. दोन डिस्क, हुबेहूब प्रत, आग लागली तर काय, चोरी झाली तर काय! बोलताना मी कॅमेऱ्याच्या बरोबर समोर उभा. बाबा दिसत नाहीत. माझ्या सदऱ्यामागून नुसतं ऑक्सिजनच्या मशीनचं घरघरणं ऐकू येतं. अखेर मी बाजूला होतो. बाबा तसेच बसलेले, शांत. विचारतात, "जालें तुझें? आता हांव सांगू?"

तन्वीचा आवाज येतो, "आजो, थांबा, फोन भरला."

संपलं.

मग तन्वी हसली. बाराव्यानंतर पहिल्यांदाच हसली, हसता हसता आत्याच्या मांडीवर डोकं टाकून हुंदके द्यायला लागली, आणि कुंदातायनं दुसऱ्या हातानं माझंही डोकं ओढून तिथंच ठेवलं.

तो व्हिडिओ आता डब्यात आहे, चौघांच्या फोनमध्ये आहे, पेन ड्राइव्हवर आहे आणि कोरगावच्या काजूच्या कोठारातसुद्धा एक प्रत आहे. आग लागो, चोरी होवो, तो जाणं शक्य नाही. त्यात बाबा आहेत चौदा सेकंद. उरलेली साडेतीन मिनिटं, काहीही हरवू नये म्हणून काय करावं, हे मी सांगतोय.