ओ देण्यापुरती जागा

कुलथे बाई गैरहजर मुलांचीही हजेरी घ्यायच्या. नाव घ्यायच्या, मान वर करून त्या मुलाच्या रिकाम्या जागेकडे बघायच्या, थांबायच्या आणि मगच पुढचं नाव घ्यायच्या. पटावर तेवीस मुलं, सतरंजीवर बसलेली अकरा, आणि हजेरीला वेळ मात्र तेविसांचा. टेबलावर खडूच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवलेला आणि त्यावर रेकॉर्डिंग चालू. पहिल्या दिवशी मागच्या भिंतीशी उभा राहून मी हे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, निवृत्तीला पाच-सहा महिने राहिलेत, बाईंचं थोडं हललेलं दिसतंय.

मी तेव्हा डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. नगरमध्ये वाढलेला, बोटं मोबाईलवर झरझर चालणारा, आणि त्यामुळे आपल्याला बरंच कळतं अशी खात्री असलेला. आंतरवासितेसाठी माझा नंबर लागला कर्जतच्या पुढे ढवळेवस्तीच्या शाळेत. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी दुसऱ्या सरांकडे, तिसरी-चौथी बाईंकडे. मी लॅपटॉप, छोटा प्रोजेक्टर आणि एक जाडजूड फाइल घेऊन उतरलो. फाइलवर कॉलेजने छापून दिलं होतं, ‘अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर : छात्राध्यापकाचे चिंतन’. आत रकाने होते. उद्दिष्ट, साधन, कृती, निष्पत्ती. चिंतन त्या रकान्यांत मावेल एवढंच करायचं होतं.

हजेरीचा उलगडा त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत झाला. दिवाळी झाली की वस्तीतली अर्धी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. आईबापाबरोबर पोरंही जातात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात, कुणी आपल्याच जिल्ह्यात वर गोदावरीच्या काठाला. बाई सकाळची हजेरी आणि तिच्यामागे दहा मिनिटांचा धडा रेकॉर्ड करायच्या आणि पालकांच्या ग्रुपवर टाकायच्या. संध्याकाळी बाप उसाच्या फडावरून कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर आला, की पोर त्याच्या मोबाईलवर ते ऐकायचं. आपलं नाव आलं की मोबाईलकडे बघून ‘हजर बाई’ म्हणायचं. बाई तेवढ्यासाठी थांबलेल्या असायच्या.

मी विचारलं, ते म्हणाले की नाही हे तुम्हाला कसं कळणार? बाई डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या भाकरीवर घालत म्हणाल्या, “मला कशाला कळाया पायजे? तिकडं त्याला बारक्या, गोट्या, अय पोरी, असं हाकारत्यात. दिवसातून एकदा तरी त्याला कुणी पटावरल्या नावानं हाक मारावी. पूर्ण नावानं.”

आणि प्रत्येकाला थांबायचं मापही वेगळं होतं. गणेश उतावळा, नाव पुरं व्हायच्या आत ओ द्यायचा, त्याला अर्धा श्वास पुरे. सगळ्यांत मोठी जागा होती अंजली भानुदास जायभाय हिची. चौथीतली मुलगी. नाव घेतलं की ती आधी मांडीवरची पाटी खाली ठेवायची, उठायची, फ्रॉक खाली ओढून सारखा करायची आणि मग ‘हजर बाई’ म्हणायची. ती गावात असताना बाईंनी तिला कधी घाई केली नव्हती, आणि आता ती गोदावरीकाठच्या कोपीवर असतानाही त्या तेवढ्याच थांबायच्या. “घाई कुनाला हाय, पोरीला का घड्याळाला?” हे बाईंचं नेहमीचं वाक्य. केंद्रप्रमुखांसमोरही त्या ते बिनधास्त म्हणायच्या.

ग्रुपवर उलट उत्तर एकटी अंजलीच पाठवायची. रोज दिवेलागणीला. आधी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, मग थोडी खुसपुस, मग ‘हजर बाई’. बस, एवढंच. बाई ते कितीदा ऐकायच्या हे मी मोजलं नाही, पण पिठाच्या गिरणीमागच्या त्यांच्या खोलीवरून जाताना ती घुंगरं मला बऱ्याचदा ऐकू यायची. पोरीला पुढच्या वर्षी धाकट्या भावाला सांभाळायला घरीच ठेवायचं असं तिच्या आईबापाचं चाललं होतं. ही रोजची ओ जोवर येते आहे तोवर पोरगी शाळेची आहे, असा बाईंचा हिशेब होता. परीक्षेला ती परत यावी, पाचवीला तिचं नाव लागावं, मग मी निवृत्त व्हायला मोकळी, असं त्या म्हणायच्या.

बाईंचं बाकी कुणी जवळ नव्हतं. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बेंगळुरूला. रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. बाई अर्धा तास आधी साडी बदलून बसायच्या. कॉल पाच मिनिटांचा, त्यातली तीन मिनिटं ‘दिसतंय का, ऐकू येतंय का’ यात जायची. नंतर त्या तीच चांगली साडी नेसून दिवसभर घरात वावरायच्या. “त्याला कामं असत्यात,” असं कुणी न विचारताच म्हणायच्या. मीही दोन घरं सोडून एका खोलीत एकटाच होतो, पण माझा एकटेपणा कानात इअरबड घालून भागायचा. बाई चहाला हाक मारायच्या, एकदा, दोनदा, तीनदा. शेवटी दारात येऊन म्हणायच्या, “सर, तुमाला ओ द्यायला लई वेळ लागतो बरं का.” एकवीस वर्षांच्या पोराला त्या ‘सर’ म्हणायच्या आणि त्यात थट्टा नसायची.

डिसेंबरात बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. चार दिवस नगरला जायचं होतं. जाण्याआधी त्यांनी चार दिवसांच्या चार हजेऱ्या आणि चार धडे रेकॉर्ड करून माझ्याकडे दिले, रोज एक ग्रुपवर टाका म्हणाल्या. मी पहिलं रेकॉर्डिंग उघडून बघितलं. हजेरीत निम्म्याहून जास्त वेळ शांतताच. माझ्या लॅपटॉपवर अशी शांतता शोधून आपोआप कापणारी सोय होती. एक बटण दाबलं की झालं. मला वाटलं, बिचाऱ्या मजुरांचा नेट पॅक वाचेल. थांबायचं कशासाठी हे मला माहीत होतं, बाईंनी स्वतः सांगितलं होतं. तरीही मी बटण दाबलं. चारही हजेऱ्या निम्म्या झाल्या, आवाजही खणखणीत केला, पहिली ग्रुपवर टाकली आणि निष्पत्तीच्या रकान्यात लिहिलं, ‘अनावश्यक भाग वगळल्याने वेळेची व डेटाची बचत.’ पुढे कॉलेजात त्या पानावर सरांनी लाल शाईने ‘उत्तम’ असा शेरा दिला. ते पान अजून माझ्याकडे आहे.

त्या संध्याकाळी घुंगरं आली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिकडे रेंज नसेल असं मी स्वतःला सांगितलं.

बाई काळा चष्मा लावून परतल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, अंजलीचं आलं का. मी रेंजचं सांगितलं. त्यांनी ग्रुप उघडला आणि मी टाकलेली हजेरी लावली. तेवीस नावं एकापाठोपाठ एक धावत गेली. त्यांचाच आवाज, पण तो आवाज कुणासाठी थांबत नव्हता. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग मोबाईल पालथा ठेवला आणि म्हणाल्या, “सर, ओ द्यायला जागाच ठेवली न्हाई तुमी.” रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी लगेच नवी हजेरी रेकॉर्ड करून पाठवली. उत्तर आलं नाही. मग अंजलीच्या वडिलांना फोन लावला, स्पीकरवर. भानुदास जायभाय अवघडून म्हणाले, “बाई, ती ऐकतच न्हाई आता. त्या दिशी नाव आलं, ही उठून फ्राक सारखा करस्तोवर तुमी चार नावं म्होरं. ती म्हनली, बाईंला आता घाई हाय. मोबाईल दिला तर उठून जाती.” बाई बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी जमिनीकडे बघत होतो.

रविवारी सकाळी बाई एसटी स्टँडवर निघाल्या. डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितली होती. मी बरोबर गेलो. कर्जतहून नगर, नगरहून दुसरी गाडी, पुणतांब्याच्या अलीकडे उतरून पुढे एका ट्रॅक्टरवर. मुलाच्या कॉलची वेळ वाटेतच झाली. बाईंनी तो कट केला आणि नंतर करते असा निरोप मला टाइप करायला लावला. मी टाइप केला. माफी मागायला सबंध प्रवास हाताशी होता, पण मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

पाटाच्या कडेला पडीक रानात कोप्या उभ्या होत्या. मोठी माणसं फडावर गेलेली. एका कोपीपुढे अंजली भावाला कडेवर घेऊन चुलीतला जाळ सारत होती. तिने आम्हाला पाहिलं आणि नजर खाली केली. जवळ आली नाही. बाईही पुढे गेल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून हजेरीपट काढला. खराखुरा, शाळेचा, निळ्या पुठ्ठ्याचा. बांधावर उभं राहून, काळ्या चष्म्यातून त्यावर बघत त्यांनी वर्गात म्हणायच्या त्याच आवाजात म्हटलं, “अंजली भानुदास जायभाय.”

आणि त्या थांबल्या. अंजली तशीच उभी. मला वाटलं आता बाई पुढे जाऊन तिला जवळ घेतील, समजावतील. बाई हलल्या नाहीत. पट हातात, मान वर. शेजारच्या कोपीतली म्हातारी बाहेर येऊन बघायला लागली. बऱ्याच वेळाने अंजलीने भावाला खाली गोधडीवर ठेवलं. सरळ उभी राहिली. फ्रॉक दोन्ही हातांनी खाली ओढला.

“हजर बाई.”

बाईंनी पेनाने पटावर खूण केली, तेव्हा कुठे त्या पुढे गेल्या. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “मी थांबले हुते गं. त्या मोबाईलनं गिळलं मधलं.” माझं नाव त्यांनी घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. ‘मोबाईलने नाही, मी कापलं,’ एवढं म्हणायला मला जागा होती. बाई पटाला टोपण लावलेलं पेन अडकवत होत्या, अंजली माझ्याकडे बघत होती.  शिक्षक व्हायला निघालो होतो आणि एका दहा वर्षांच्या मुलीसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटली, याची लाज मला आजही वाटते.

संध्याकाळची घुंगरं पुन्हा सुरू झाली. मार्चअखेर माझी आंतरवासिता संपली. अंजली परीक्षेला आली आणि पाचवीला तिचं नाव शेजारच्या गावच्या शाळेत बाईंनी स्वतः जाऊन घातलं, हे मला नंतर दुसऱ्या सरांकडून कळलं. निवृत्तीच्या दिवशी बाईंनी ग्रुपवर शेवटची हजेरी टाकली. मी तेव्हा नगरला एका बसमध्ये होतो. सवयीने दुप्पट वेगाने ऐकली. तेवीस नावांनंतर बाई म्हणाल्या, “अमोल रघुनाथ वाबळे.” माझं नाव ऐकून बरं वाटलं. मी तिथेच बंद केलं, हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि गाणी लावली.

या गोष्टीला चार वर्षं झाली. शिक्षक भरतीची वाट बघत मी नगरमधल्या एका क्लासच्या स्टुडिओत लागलो. शिकवणारे सर कॅमेऱ्यापुढे बोलतात, मी ते व्हिडिओ कापून नीट करतो. सर विचार करायला थांबले, पाणी प्यायला थांबले, की ती जागा कापायची, हेच माझं काम. दिवसभर कानात हेडफोन असतात. खोलीत दुसरं कुणी नसतं. मुलं हजारोंनी बघतात म्हणे, पण त्यातल्या एकाचंही नाव मला ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात बाई गेल्या. मुलाकडे, बेंगळुरूला. निधनाचा निरोप त्याच जुन्या ग्रुपवर आला आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी हात टाकणार होतो, टाकले नाहीत. वर सरकत सरकत ती शेवटची हजेरी काढली आणि पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या वेगाने ऐकली. गणेशला अर्धा श्वास. अंजली त्या दिवशी वर्गातच होती, तिचं ‘हजर बाई’ स्वच्छ ऐकू आलं. मग माझं नाव, आणि त्यापुढे शांतता. पत्र्यावर चिमण्यांची नखं वाजत होती. खुर्ची एकदा करकरली. कुणीतरी पोर हसलं, त्याला कुणीतरी गप्प केलं. अंजलीच्या जागेहून मोठी जागा होती ती, कितीतरी मोठी. तिच्या शेवटी बाईंचा आवाज, पोरांना सांगितल्यासारखा: “असू द्या. सरांना वेळ लागतो. देतील ते.”

मी हेडफोन काढले. स्टुडिओतल्या खुर्चीतून उठून उभा राहिलो, शर्ट खाली ओढून सारखा केला आणि ग्रुपवर रेकॉर्डिंगचं बटण दाबून धरलं. म्हणालो, “अमोल रघुनाथ वाबळे, हजर बाई.” मग म्हणालो, “अंजली भानुदास जायभाय, मी शाळेतले वाबळे सर. त्या वर्षी बाई तुझ्यासाठी थांबल्या होत्या. मोबाईलने काही गिळलं नव्हतं. ती जागा मी कापली होती.”

बटण लगेच सोडलं नाही. भावाला खाली ठेवून, उठून, फ्रॉक सारखा करायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ दाबून धरलं. आता ती चौदा वर्षांची असेल, कदाचित तिला तेवढा वेळ लागतही नसेल. तिच्या वडिलांचा तो नंबर अजून चालू आहे की नाही, हेही मला माहीत नाही.

त्या निरोपावर अजून एकच टिक आहे. मी थांबलोय.