प्रार्थना करून सांगते

“हीच ती. हिच्यासाठीच तर आपण तीन बुधवार उपास धरलेत.”

शिरूरला आत्याच्या घरी घरसभेला, म्हणजे घरगुती प्रार्थनासभेला, आई-पप्पा आणि मी दौंडहून पोहोचलो होतो. मी दारात वाकून चपला काढत असताना हे वाक्य कानावर आलं. बोलणाऱ्या बाई माझ्या ओळखीच्या नव्हत्या. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि शेजारणीला म्हणाल्या, “दिसायला तर धडधाकट हाय.”

माझ्यासाठी कुणी उपास धरावा असं माझ्या आयुष्यात काहीही नव्हतं. होतं ते एक वाक्य, आणि तेही मीच बोलले होते.

झालं असं की महिन्यापूर्वी मार्था आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. शिरूरच्या मंडळीची (म्हणजे चर्चची) मुलांसाठीची रविवारची शब्बाथ शाळा तीस वर्षं तिनेच चालवली. आता गुडघे बोलायला लागले होते. “बेबी, दर रविवारी तू ये. तुझं इंग्लिश मीडियम हाय, पोरं ऐकतील तुझं.”

मला लहान मुलांची भीती वाटते. (मोठ्यांचीही वाटते, पण मोठी माणसं तोंडावर हसत नाहीत.) त्यात माझं मराठी अडखळत चालणारं. प्रभूची प्रार्थना इंग्रजीत मी एका श्वासात म्हणते, मराठीत मात्र ‘रोजची भाकर’ येईपर्यंत मला घाम फुटतो. म्हणून मी आमच्यात अशा वेळी म्हणायचं ते वाक्य म्हटलं.

“आत्या, मी प्रार्थना करून सांगते.”

या वाक्याइतका सभ्य नकार ख्रिस्ती घरात दुसरा नाही. ऐकणाऱ्याला कळतं, बोलणाऱ्याला कळतं, आणि देवाला मध्ये घेतल्यामुळे कुणाला वाद घालता येत नाही. याच वाक्यावर पप्पांनी मंडळीचं सेक्रेटरीपद दोनदा चुकवलं. आईने तर जावेबरोबरची महाबळेश्वरची सहल टाळली! माझी चूक एवढीच, की मी ते मार्था आत्याला म्हटलं. आमच्या सगळ्या खानदानात हे वाक्य खरं मानणारी ती एकटीच आहे.

चार दिवसांनी तिचा फोन. “मिळालं का उत्तर?”

“नाही अजून.”

हेही खरंच होतं. प्रश्न विचारलाच नव्हता, तर उत्तर कुठून मिळणार?

“मग असं कर, तू एकटी नको मागूस. आम्ही सगळ्या मागतो.” आणि तिने माझं नाव भगिनी मंडळाच्या प्रार्थनेच्या विषयांत घातलं. भगिनी मंडळाने बुधवारचा उपास ठरवला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, चहासुद्धा नाही.

पप्पा म्हणाले, “अगं, ताईला शुगर आहे!”

“मग तुम्ही सांगा ना तिला.”

पप्पांनी थोडा विचार केला. “प्रार्थना करून सांगतो,” ते म्हणाले.

शिरूरहून विषय दौंडला आला. रविवारी उपासनेत आमचे पाळकसाहेब म्हणाले, “आपली एक तरुण भगिनी मोठ्या निर्णयाच्या उंबरठ्यावर उभी आहे. तिला सांभाळू या.” नाव घेतलं नाही, फक्त आमच्या बाकाकडे पाहिलं. मागोमाग सगळ्या मंडळीने पाहिलं. बाहेर पडेपर्यंत मी कॅनडाला निघाले होते, माझं कुठेतरी जमलं होतं आणि (एका आजींच्या मते) ते मोडलंही होतं! आईला तिघींनी बाजूला घेतलं. सोमवारी समोरच्या कांबळे काकू शिऱ्याची वाटी घेऊन आल्या. त्या बौद्ध. “आमच्यात देवाला मागत न्हाईत, पण एवढी माणसं तुझ्यासाठी लागलीत म्हंजी कायतरी हाय. रक्त तपासलंस का, बाय?”

मी शिरा खाल्ला. नाही म्हणायची हिंमत तिथेही झाली नाही.

आणि आता ही घरसभा. न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीत बसून मी सरळ नकार द्यायचा सराव केला होता. ‘आत्या, मला जमणार नाही.’ एवढंच. पण आत्या समोर आली आणि सराव विसरला. चेहरा उतरला होता तिचा. आत्याचे यजमान, म्हणजे मामा, मला स्वयंपाकघराशी गाठून हळूच म्हणाले, “बेबी, उत्तर लवकर आण गं. बुधवारी ती चूलच पेटवत न्हाई. उपास तिचा आन् उपाशी मी!”

गाणी झाली, बायबलमधलं वचन वाचून झालं, आणि साखळी प्रार्थना सुरू झाली. म्हणजे गोल बसायचं, डोळे मिटायचे आणि एकापाठोपाठ एकाने मोठ्याने प्रार्थना करायची. मी मोजलं. माझ्याआधी सहा जण. सहाही प्रार्थना माझ्यावरच! केंदूरच्या एक आजी तर थेट मुद्द्यावर आल्या, “बापा, ह्या लेकराला तोंड दिलंयस, आता वाचा दे.”

“आमेन!” सगळे म्हणाले.

माझी पाळी आली. खोलीत शांतता. अशी शांतता लांबली की आमच्यात तिला पवित्र आत्म्याचं कार्य समजतात, म्हणून कुणी मदतीलाही येईना. तेवढ्यात ‘कट्’ असा आवाज झाला. मी एक डोळा उघडला. महिनाभर खुर्चीखेरीज कुठे न बसलेली आत्या माझ्यासाठी जमिनीवर गुडघे टेकत होती.

मग मात्र माझ्या तोंडून बाहेरच पडलं.

“प्रभू, मी प्रार्थना केलेलीच नाही. एकदाही नाही. मला मुलांची भीती वाटते. माझं मराठी ऐकून ती हसतील. आत्याला नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून तुझं नाव पुढे केलं. माझी चूक झाली. तिला उठव आणि जेवू दे. आमेन.”

“आमेन!” सगळे सवयीने गरजले. आपण कशाला आमेन म्हटलं, ते जरा उशिरा पोहोचलं. मग मामांनी एकट्यानेच पुन्हा एकदा, मनापासून, आमेन म्हटलं.

मी डोळे उघडलेच नाहीत. जमीन दुभंगण्याची वाट पाहत होते.

“भीती वाटती व्हय?” आत्याचा आवाज आला. “मला तीस वर्षं वाटतीय. दर रविवारी. आन् मराठीचं म्हणशील, तर आत्ता बोलताना कुठं अडखळलीस?”

केंदूरच्या आजी समाधानाने म्हणाल्या, “दिली बाबा वाचा.”

दोघींनी धरून आत्याला खुर्चीत बसवलं. मामा तेवढ्यात बश्या मांडायला लागले. बसल्या बसल्या तिने विचारलं, “मग? काय ठरलं?”

सगळी घरसभा माझ्याकडे बघत होती. मी घसा खाकरला.

“आत्या, मी प्रार्थना करून...”

मामांच्या हातातली बशी खाली पडली.

“...रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीने येते.”