भीमरावची राणी

भीमरावच्या शोकसभेला काय लागलं?
एक मंडप, भाड्याच्या खुर्च्या, भिंतीएवढा बॅनर.
आणि एक तीन पायांची कुत्री.

सभा काल झाली. मला माईक मिळाला नाही, म्हणून इथं लिहितोय.

भीमराव म्हणजे एसटीचा रिटायर्ड ड्रायव्हर, कॉलनीतला माझा शेजारी. माझं हार्डवेअरचं दुकान पत्र्याच्या टपरीत होतं, तेव्हापासून तो मला 'शेट' म्हणायचा. तेव्हा ती थट्टा होती.

रिटायर झाला आणि मुलीकडं, वैशालीकडं, ग्रीसला गेला. फ्लॅटमध्ये करमेना, तर तिथल्या पार्कात व्हॉलंटियर झाला. सकाळी झाडांना आळी करायची, बाकांना रंग द्यायचा, दुपारी मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचं.

व्हिडिओ कॉलवर विचारलं, "काही देतात का रे?"
"देतेत की. पाव अन् ऑलिव्ह."
"कसं लागतं ते?"
"खारवलेली लिंबोळी म्हन."
"आणि कुत्र्यांना तुझी भाषा कळती?"
"शिव्या कळतेत. बाकीचं शिकायलेत."

पिवळं जाकीट घातलेला त्याचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर फिरला. 'परभणीचा डंका युरोपात!' 'प्राऊड ऑफ यू काका!'

परत आला आणि तेच जाकीट घालून, कुदळ घेऊन कॉलनीच्या ओपन स्पेसवर उतरला.
त्याच ग्रुपवर मेसेज: 'काकाला घरात कुणी विचारत नाही वाटतं.'

तिकडं केलं तर सेवा.
इथं केलं तर डोक्यावर परिणाम.

त्यानं ऐकून घेतलं. कडुलिंब लावले, करंज लावले. एक दिवस दुकानात आला.
"शेट, एखादी फुटकी टाकी दे. जनावराला पाणी ठेवायचंय."
"फुटकी कशाला? नवी ने."
"नवी आपल्या कॉलनीत टिकंल का?"

राणी त्याला जिंतूर रोडवर सापडली. ट्रकखाली एक पाय गेलेला. डॉक्टरकडं नेऊन वाचवली. ती भीमरावच्या दारातच झोपायची. खायची ती फक्त त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या, शांतावहिनींच्या हातचं.

दवाखान्यात त्याच्या छातीला वायरी लावलेल्या होत्या.
"शेट, झाडं जगतील. राणीचं तेवढं बघशील?"
"मरायलास का लगेच?"
"मरंना. विचारायलोय."
"बघतो की."

दुसऱ्या दिवशी गेला.

सभेला एक पुढारी आले. बॅनरवर भीमरावचा तोच ग्रीसचा फोटो. पुढाऱ्याचा त्याहून मोठा.
"भाऊंच्या एकाही मुक्या जिवाला आम्ही अंतर देणार नाही. हा आमचा शब्द आहे!"
टाळ्या.
शोकसभेत टाळ्या.

मी मागच्या रांगेत. माझे कान दुकानदारीत तयार झालेत. गिऱ्हाईक बायकोच्या कानात काय भाव सांगतं, तेही मला ऐकू येतं. मंडपाच्या पडद्यामागं दोन कार्यकर्ते बोलत होते.
"कॉलनीतली कुत्री समदी गाडीत भरली व्हती का रं?"
"सकाळीच. साहेबाच्या भाषनात भुकायला नको म्हून. पिंगळीच्या पुढं सोडली."
"अन् ती लंगडी?"
"ती लय चिवट. दारातून उठंनाच. फरफटत न्यावं लागलं."

वहिनी सकाळी विहारात गेल्या होत्या. नाहीतर कुणाची हिंमत नव्हती.

मी पडदा बाजूला केला. "कुठं सोडली, जागा दाखवा."
"शेट, एवढं काय त्यात? कुत्रंच हाय. आता जागा कुठं ध्यानात राहती?"

सभा संपल्यावर वैशालीचा व्हिडिओ कॉल आला. तिला यायला जमलं नव्हतं. वहिनींनी मोबाईल माझ्या हातात दिला.
"काका, घर दाखवा ना."
दाखवलं. अंगण, पप्पाची खुर्ची, दार.
"राणी दिसंना?"

आयुष्यभर गिऱ्हाईकाला उत्तरं देत आलोय. मोबाईल वहिनींच्या हातात परत दिला.

आज सकाळपासून पिंगळी स्टेशन, रेल्वे गेट, शेतातले आखाडे-गोठे, सगळीकडं विचारत फिरलो. चहावाला म्हणाला, "भारी जातीची हाय का, शेट?"
"नाही. आपलीच."
"मग एवढं काऊन हुडकायलाव?"

ग्रुपवर सभेचे फोटो येतायत. खाली कुणीतरी लिहिलंय, 'अतिशय नियोजनबद्ध कार्यक्रम.'

तांबूस रंग, मागचा डावा पाय नाही. पिंगळीकडं कुणाला दिसली तर मारू नका. मला कळवा.

भीमराव, अखेरचा जयभीम.
राणी अजून सापडलेली नाही.